खंडेनवमीचे उंदीर

लॅबोरेटरीत नळ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. नळ्या निदान फुटतात तरी! लढाईच्या दिवसांत नगरच्या कॅम्पात आमची लॅब होती. कुलकर्णी डॉक्टर, त्यांच्या हाताखाली मी आणि उंदरांची देखभाल करणारे मिरजगावचे किसनमामा.

डासांमुळे येणारा मेंदूचा ताप तेव्हा पुणतांब्यात आला होता. त्यातून बरे झालेले चांदभाई टांगेवाले रक्त द्यायला आले. बाटली भरताच ताडकन उठले.

"डॉक्टरसाब, एवढंच! परत मागाल तर टांगा वेशीवरूनच फिरवीन!"

*

आमच्याकडे परदेशातून आलेले तीन व्हायरस होते. पुणतांब्याचा ताप त्यांतल्या कुणाच्या कुळातला, हे शोधायला डॉक्टर दोन वर्षं झटत होते. चांदभाईंच्या रक्तातलं सीरम एकेका व्हायरसमध्ये मिसळून उंदरांना टोचायचं. सीरमनं व्हायरस ओळखला तर उंदीर जगतो.

हे ऐकून मामा हसले. "म्हंजी भावकी शोधायची व्हय! मग सुई कशापायी? आमच्याकडं नुसतं आडनाव इचारत्यात!"

*

सगळं सीरम संपवून उंदीर टोचले. पिंजरा एकच, म्हणून औषधी पिवळ्या रंगाची खूण केली. पहिल्या व्हायरसची डोक्यावर, दुसऱ्याची पाठीवर, तिसऱ्याची शेपटीवर.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. सकाळी पाहतो तर मामांनी सुया, नळ्या, मायक्रोस्कोप, सगळ्यांची पूजा मांडलेली. आणि उंदीर डोक्यापासून शेपटीपर्यंत हळदीनं माखलेले!

डॉक्टर पिंजऱ्याकडे धावले. "मामा, अहो काय केलंत हे!"

"आज हत्यारं पुजायची ना सायेब? हितं लढत्यात तर हेच!"

कुणाला काय टोचलं, काही कळेना. नवं सीरम आणायचं कुठून?

मामा मात्र शांत. "हळदच हाय न्हवं? आमच्या घरात धुण्याचा सोडा लावत्यात. हळद लाल हून जाती."

सोड्याच्या पाण्यात बोळा बुडवून एकेका उंदरावर फिरवला. हळद लाल होऊन निघून गेली, आमचा पिवळा जिथल्या तिथं! डॉक्टरांनी मामांना मिठीच मारली.

*

आठ दिवसांनी पाठवाले गेले, शेपटीवालेही गेले. डोकंवाले मात्र सगळेच्या सगळे पिंजऱ्यात उड्या मारत होते! पुणतांब्याचा ताप पहिल्याच व्हायरसचा भाऊबंद!

डॉक्टर आनंदानं नाचायचेच बाकी होते. "मामा, आणा ती हळद! आज मीच लावतो ह्यांना!"

मामांनी हळदीची वाटी पाठीमागे लपवली.

"थांबा सायेब! आदी वहीत लिवून घ्या!"