दोन्ही बाह्या डाव्या

लेकीनं निघताना इस्त्री बंद केली असेल ना, हा घोर आईची पाठ सोडत नव्हता. लेक चौतीस वर्षांची, वेगळी राहणारी, शिवणाच्या कारखान्यात कापड कापणारी. तरी आईच्या डोळ्यांपुढे तापत राहिलेली इस्त्रीच यायची.

लहानपणी सगळे तिला भिंगरी म्हणत. दोन घास खाऊन ताटावरून उठायची, वर्गात बाक सोडून फिरायची. शाळेच्या बाईंच्या चिठ्ठ्या यायच्या. आई त्या धड न वाचताच शिवणयंत्राच्या खणात कोंबायची. "चार लोकांत मला मान खाली घालायला लावू नकोस," एवढं मात्र लेकीला बजावायची.

तेराव्या वर्षी भिंगरी थांबली. आईला हायसं वाटलं. लेक तासन्‌तास पुस्तक उघडून बसायची. पान मात्र तेच, आणि टेबलाखाली पाय हलत असायचा. "डोकं आहे, पण आळस अंगात मुरलाय," असं आई येईल त्याला सांगायची. पुढे लेकही स्वतःबद्दल तेच सांगू लागली.

गेल्या महिन्यात उजव्या बाहीसाठी कागदी नमुना उलटवायचा राहिला आणि तिनं वीस कोटांच्या दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या. कारखान्यातले मास्तर म्हणाले, "ताई, गिऱ्हाइकांनी उजवा हात घरी ठेवून यायचं का?" सगळे हसले. तीही हसली, आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेली. पुढच्या भेटीला त्यांनी आईलाही बोलावलं.

डॉक्टरांना एडीएचडीचा, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचा, संशय होता. "मोठेपणी पळापळ दिसत नाही, ती आत चालू राहते," ते म्हणाले. "पण मुळं लहानपणात सापडायला हवीत. कशी होती हो लहानपणी?"

आपल्याकडे बोट दाखवलं जाईल, या भीतीनं आई म्हणाली, "चारचौघींसारखी. शांत."

बसमध्ये लेक हळूच म्हणाली, "म्हणजे मी आळशीच ना गं?"

"खिडकी लाव, वारा येतोय," आई म्हणाली.

आज सुई शोधताना त्या चिठ्ठ्या हाती आल्या. एकीत बाईंनी लिहिलं होतं, 'मुलगी हुशार आहे. ती हे मुद्दाम करत नाही. रागावू नका, कुणाला तरी दाखवा.' पंचवीस वर्षं ही ओळ दोऱ्यांखाली पडून होती.

डॉक्टर परवा मत देणार होते. त्यांना तर सांगायचंच. पण ते खोटं ऐकलं होतं लेकीनं. आधी तिला.

एक वाजला. कारखान्याची जेवणाची सुट्टी झाली असेल. लेक फोन कुठेतरी विसरलीही असेल. तरी उचलेपर्यंत लावायचा, आणि इस्त्रीचं विचारायचं नाही, असं ठरवून आईनं चष्मा चढवला आणि फोन हातात घेतला.