थोरलीनं आधी जायचं

मी एकदा घोडेगावच्या दवाखान्यातून, गाय व्यायला झालीय असं खोटं सांगून पळून आले. आमची गाय तेव्हा गाभणसुद्धा नव्हती. साठी उलटली होती माझी. त्या वयात अक्कल येते म्हणतात. माझ्याकडं येताना ती वाट चुकली असावी.

सुनेनं नवा मोबाइल दिला आणि त्याच्याशी नुसतं बोललं तरी तो उत्तर देतो हे मला कळलं, तेव्हापासून मी गावची डॉक्टरीण झाले. कांदा लावून पाठ धरली, विचारलं. कॅन्सर असू शकतो. करपट ढेकर आला. कॅन्सर असू शकतो. शहाणी बाई तिथंच हसली असती. मी पदर खोचून आणखी विचारायची, आणि जेवढं विचारी तेवढं तो आणखी तसलंच पुढ्यात टाकी. त्यातच एका व्हिडिओत एक पांढरा कोटवाला भेटला. गाठीला सुई लावली की रोग अंगभर पसरतो, छाती दाबून फोटो काढला की निजलेला रोग जागा होतो, असं तो हसऱ्या तोंडानं सांगायचा. मी तो कांद्याच्या वाफ्यात बायकांना ऐकवायची. बायका हातातली रोपं तशीच धरून ऐकत. काय ती माझी ऐट!

अशात गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईनं आम्हा दोघी जावांची नावं छातीच्या तपासणीला दिली. धाकटी जाऊ भाकरी थापता थापता हळूच म्हणाली, "आक्का, मला हितं छातीत वाटाण्यायेवढं लागतंय. दुखत नाय पन."

मी हात लावूनही बघितलं नाही. "दुखत न्हाई ना? मग गप ऱ्हा," म्हणाले. तरी गेलो दोघी.

आमच्या घरात पहिल्यापासून रीत आहे. देवापुढचा नारळ असो, लग्नातली पंगत असो, नाहीतर एसटीची पायरी, आधी थोरली, मग धाकटी. दवाखान्याच्या आवारात तपासणीची गाडी उभी होती. नर्सनं हाक मारली, "आजी, चला." दारातून आतलं यंत्र दिसलं आणि मी पायरीवरच थबकले. भ्याले म्हणायची लाज. म्हणून कोटवाल्याचं सगळं शास्त्र मी नर्सलाच ऐकवलं.

"असं काही होत नाही, आजी. घाबरला असाल तर मी हात धरते."

घाबरला हा शब्द मला झोंबला. मग गाईचं निमित्त काढलं आणि तरातरा निघाले. धाकटीनंही पिशवी उचलली. परतताना वडापच्या जीपमध्ये मी तिला म्हणाले, "वाचलीस बाय माझ्यामुळं." ती माझ्यासाठी जरा सरकून बसली. तेही मी कौतुकच समजले.

पुढचा कांदा येईपर्यंत वाटाण्याचं लिंबू झालं होतं. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, "इतके दिवस काय करत होता?" ती खाली बघत राहिली. उत्तर माझ्याजवळ होतं. मीही खालीच बघितलं. सुईनं रोग पसरत नाही, वेळ घालवला की पसरतो, हे त्यांनी समजावून सांगितलं. मी मान डोलवली, जणू मला ते आधीच ठाऊक होतं. तिची छाती काढली, केस गेले, तरी रोग हाडांत पोचलाच.

त्यानंतर मी मुकाट जाऊन तपासून आले. जरा दुखलं, शेळीनं पायावर पाय दिला तर दुखतं तेवढं. काही निघालं नाही. एवढ्यासाठी मी पळाले होते.

हे सांगायला तिच्या खाटेपाशी बसले. माफी मागायची होती, पण जिभेची जुनी खोड जाते कुठं. म्हणाले, "त्या मेल्या मोबाइलनं घात केला गं आपला."

तिनं भिंतीकडची मान माझ्याकडं वळवली.

"मोबाइलचं मी कवा मनावर घेतलं व्हतं, आक्का? तुमी आत गेला असता, तर मी बी आले असते मागनं."