फळीच्या पोटातलं पाणी

झोपाळ्यासाठी आणलेल्या फणसाच्या फळीचा एक जाडसर तुकडा मी दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलायचो. आकडा हलेनासा झाला, तेव्हा फळी वाळल्याचं मी घरात जाहीर केलं.

आमची लेक प्रयोगशाळेत लाकूड कसं वाळतं ते तपासते, दवाखान्यातल्या एमआरआयसारख्याच यंत्रातून. तिनं तो तुकडा नेला आणि फोटो पाठवला. "बाबा, काळ्या कडा कोरड्या. मधलं पांढरं सगळं पाणी. ते इतकं हळू निघतं, की तुमच्या काट्याला कळतच नाही. आत्ता झोपाळा केलात तर फळी वाकेल."

"माझ्या गुडघ्याचा एमआरआय अजून 'बघू' वर आहे," बायको म्हणाली, "आणि लाकडाचा झालासुद्धा!"

मी मात्र फोटोच बघत राहिलो. न कापता आतलं पाणी दिसतं! आपण नुसता हात फिरवून किती गोष्टी वाळल्या म्हणतो: पापड, भिंतीचा रंग, घरातले रुसवे.

"मग झोपाळा पुढच्या वर्षी करू या?" मी बायकोला विचारलं.

"करा की. माझं काही म्हणणं नाही."

आवाज अगदी कोरडा होता. मी लगेच सुताराला फोन करून वखारीतली जुनी, वाळलेली फळी आणायला सांगितली.