जावयाची गाडी मागून बसली

धुण्याच्या साबणाचा वास आला की मले हसू येतं. एकदा लेक एका रातीसाठी आली होती, अन् सकाळी निघताना जावयाची गाडी मागून बसलेली. मागच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे, त्यातली हवा हळूहळू गळून राह्यली होती. नांदुऱ्याच्या मिस्त्रीनं फुग्यांवर साबणाचा फेस लावला. "बुडबुडे येतील तिथं गळती. सापडली की जोडतो, मंग निघा," म्हणून तो पान्हा आणाले गेला. बुडबुडे आले. बायकोनं वाकून पाहिले अन् पदरानं पुसून टाकले. मिस्त्री परतताच म्हणे, "काहीच नाही बाप्पा, उद्या पाहा!" जावई म्हणे, "आई, पदराले फेस काऊन?" "तुमची गाडी पुसली, जावईबापू. मळली होती." लेक राहिली, मायलेकी दिवसभर खिदळल्या. आता बायको देवाघरी गेली. लेक आली की चार दिवस राहते, पण तिच्याशी काय बोलावं हे मले सुचत नाही.