घरात कोणी बाईमाणूस नाही का?

आई बाथरूममध्ये पडली ती सकाळी. मी ऑफिसला निघायच्या बेतात होतो. धप्पकन आवाज आला आणि मग काहीच नाही. दार आतून लावलेलं नव्हतं एवढंच नशीब. तिचा एक पाय भलताच वळला होता, आणि मला बघून ती पहिलं काय बोलली, तर "आधी माझी साडी सारखी कर."

घरात आम्ही दोघंच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, मी एकुलता एक, आणि लग्न जमता जमता राहून गेलं. जुईनगरला भाड्याची जागा. घरमालकीण काकी तळमजल्यावर राहतात, मूळच्या इथल्याच गावातल्या. त्यांच्या मुलाने गाडी काढली म्हणून रुग्णालयात लवकर पोचलो. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. दमायला झालं ते त्यानंतर.

आईला बायकांच्या वॉर्डात ठेवलं. मी पिशवी घेऊन आत निघालो तर सिस्टरने दारातच अडवलं.

"दादा, पुरुषांना इथे थांबता येणार नाही. भेटायच्या वेळेत या. पेशंटजवळ बाईमाणूस लागेल."

"कोणी नाही. मीच आहे."

"मिसेस? बहीण? वहिनी?"

एकेका नात्याला नाही म्हणता म्हणता मलाच वाटायला लागलं, की आपण काहीतरी लपवतोय.

"मग शेजारचं कोणी बघा ना. बाकीच्या पेशंटना पण अवघडतं, दादा."

तिचं चूक नव्हतं. आईच्या बाजूच्या खाटेवरची मुलगी मला दारात बघूनच चादर गळ्यापर्यंत ओढून घेत होती. ते दिसत होतं म्हणून भांडताही येईना. मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो.

दुसऱ्या दिवशी भेटायच्या वेळेत आत गेलो, तर आईचे ओठ कोरडे पडलेले. आदल्या दिवशी भरून दिलेली पाण्याची बाटली तशीच.

"पाणी का नाही प्यायलीस?"

"प्यायलं की जावं लागतं," ती हळूच म्हणाली. "भांडं कोणाकडे मागायचं? त्या पोरी बिचाऱ्या सारख्या धावत असतात."

मी तिथेच उभा राहून तिला घोटघोट पाणी पाजलं. वेळ संपली तसं बाहेर यावं लागलं. बाहेर येऊन काय करायचं तेच कळेना. मला उचलता येत होतं, पुसता येत होतं, भांडं धरता आलं असतं. फक्त भिंतीच्या त्या बाजूला जाता येत नव्हतं.

संध्याकाळी जिन्यात काकी भेटल्या. मी सांगितलं तसा त्यांचा आवाज चढला. "मंग मना कनाला नाय सांगलंस? मी हाय ना!" चटई आणि डबा घेऊन त्या गेल्या, आणि आईला घरी सोडेपर्यंत तिथेच राहिल्या. स्वतःचे गुडघे दुखत असताना. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण बाकावर बसल्या बसल्या हेही मनात येई, की आईचा मुलगा मी, आणि तिच्यासाठी दुसऱ्याच्या घरातली म्हातारी बाई मागून आणावी लागतेय.

घरी आणल्यावर दिवसा बाई ठेवायची म्हणून एका ब्यूरोला फोन लावला. बोलणं छान चाललं होतं. मग पलीकडच्या बाईंनी विचारलं, "घरात अजून कोण लेडीज आहेत?"

"आई आहे ना. तिच्यासाठीच पाहिजे."

"आणि तुम्ही एकटे? मग नाही जमणार, सर. आमच्या मुलींचं पण बघावं लागतं."

हेही चूक नव्हतं. त्या मुलींना काय काय अनुभव येत असतील ते मला कळतं. सगळेच आपापल्या जागी बरोबर होते, आणि राग काढायला कोणी उरत नव्हतं. अशा वेळी माणूस जास्त थकतो.

मग मीच सुरुवात केली. पहिल्यांदा आईला स्पंज करायची वेळ आली तेव्हा तिने डोळे मिटून घेतले ते शेवटपर्यंत उघडले नाहीत. मी सारखं बोलत राहिलो. भाजी महागली, पाणी कमी दाबाने येतंय, काहीही. झाल्यावर ती म्हणाली, "तुझं लग्न झालं असतं तर तुझ्यावर ही वेळ आली नसती."

"मग तिच्यावर आली असती," मी म्हणालो.

आईने आजीचं सगळं केलं होतं, शेवटपर्यंत. तेव्हा कोणी तिला विचारलं नव्हतं, आणि आता मला कोणी करू देत नव्हतं. दोन्ही तिला ठाऊक होतं.

ऑफिस महापेला. काही दिवस घरून काम करू द्या म्हणून साहेबांकडे गेलो. साहेब वाईट माणूस नाही. आमच्या टीममधल्या एका बाईंच्या सासूबाई आजारी पडल्या तेव्हा त्यांनी लगेच हो म्हटलं होतं. मला म्हणाले, "अरे, कोणीतरी बाई ठेवून टाक ना. तू घरी बसून काय करणार?" मी काय काय करतो ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी आठवड्यातले निम्मे दिवस मिळाले. उरलेल्या दिवशी काकी वर येऊन बसत.

बघायला येणारे नातेवाईक माझं भारी कौतुक करत. "मुलगा असून किती करतो हो!" आईला ते आवडायचं. मला त्या 'असून'चा कंटाळा यायचा. चहा पिऊन सगळे आपापल्या घरी जात.

आता आई वॉकर धरून गॅलरीपर्यंत जाते. जिना अजून जमत नाही. आंघोळीला मी लागतोच, पण ती डोळे मिटत नाही, उलट पाणी फार कढत घेतलंस म्हणून ओरडते.

मागच्या आठवड्यात ऑफिसखालच्या टपरीवर एक सहकारी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. आम्ही इतकी वर्षं एका मजल्यावर आहोत, पण क्रिकेट सोडून कधी काही बोललो नव्हतो. इकडेतिकडे बघून त्याने विचारलं, "तू आईचं सगळं स्वतः करतोस ना? पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय करायचं?"

त्याच्या वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला होता. आई आधीच गेलेली, बायको दुसऱ्या शहरात नोकरीला. ऑफिसात त्याने कोणाला सांगितलं नव्हतं.

मी सांगितलं. कूस कशी बदलायची, चादरीला सुरकुती राहू द्यायची नाही, काखेत आणि मांडीत ओल राहू द्यायची नाही. तो लक्ष देऊन ऐकत होता. आम्ही दोघं इतक्या हळू बोलत होतो, की टपरीवाल्याला वाटलं असेल यांचं काहीतरी लफडं आहे.

ग्लास ठेवताना त्याने विचारलं, "तुझी झोप होते का रे?"

हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. "नाही," मी म्हणालो. "तुझी?"

"नाही."

मग आम्ही वर निघालो. लिफ्टमध्ये बाकीचे लोक होते म्हणून गप्प राहिलो.