दुपारच्या लाईनवरची शिट्टी

टेलिफोनच्या खोलीतल्या ताईंमुळे मी ग्रंथालयात टिकले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा जीव अजूनही घाबरा होतो आणि कुणामुळे वाचले ते सांगायचं राहून जातं.

ताई आमच्या कंपनीत ऑपरेटर होत्या. कंपनीशेजारच्या शिरवणे गावच्या, तिथल्याच मूळच्या. कॅन्टीनच्या वर काचेची खोली, डोक्याला हेडफोन, समोर बटणं आणि वायरींचा बोर्ड. साहेब लोकांशी बोलताना ‘होल्ड ऑन प्लीज’ असं साखरेत घोळून म्हणायच्या आणि तोंडापुढची नळी बाजूला केली की, “ह्या मेल्याला घाई कसली गो? होडी सुटते काय याची?” मी हसले की माझ्यावर डोळे वटारायच्या.

मी नांदेडकडची. सातवीतून शाळा सुटली ती सुटलीच. लग्न करून इकडं आले. नवरा रबाळ्याला कारखान्यात, कंत्राटावर. मी आधी ह्याच कंपनीत पॅकिंगला होते. रसायनांची कंपनी, पांढऱ्या पावडरीची पोती भरायची. वर्षभरात छाती अशी धरली की चार पायऱ्या चढले तरी भिंत धरावी लागायची. डॉक्टर म्हणाले, हे काम सोडा नाहीतर गावाकडं जा. गावाकडं काय होतं? तेवढ्यात ग्रंथालयात झाडायपुसायला बाई पाहिजे असं कळलं, मी हात जोडले, झालं. तिथं कंपनीचे शास्त्रज्ञ वाचायला यायचे. धूळ पुसता पुसता मी पुस्तकांच्या पाठीवरची इंग्रजी अक्षरं लावायला शिकले, मग मासिकं आपापल्या जागी ठेवायला. महत्त्वाचं म्हणजे तिथं मला श्वास घेता यायचा. मला दुसरं काही नको होतं.

आणि मग ते मशीन आलं. ऐंशीचं दशक संपत आलेलं. कंपनीच्या सगळ्या ग्रंथालयांतल्या पुस्तकांची यादी मुंबईच्या मोठ्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये भरली होती आणि आमच्या टेबलावरून ती बघता येणार होती. टेबलावर एक पडदा, एक कीबोर्ड आणि दोन रबरी वाट्या असलेला डबा. फोन उचलून ताईंना सांगायचं, मुंबई लावून द्या. पलीकडून शिट्टी वाजली की रिसीव्हर त्या दोन वाट्यांत उपडा दाबून बसवायचा. मग इथं टाइप केलेलं फोनवरून तिकडं जाणार आणि तिकडचं उत्तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत उमटणार. मुंबईहून एक मुलगा येऊन शिकवून गेला, सगळं इंग्रजीतून. मी मान हलवत होते.

तो गेल्यावर ग्रंथपाल साहेबांनी आम्हाला बोलावलं. आम्ही म्हणजे मी आणि आमचे क्लार्क. साहेब म्हणाले, “दोघांनाही आलं पाहिजे. नवीन माणूस मिळणार नाही, वरून तसं सांगणं आहे. ज्याला जमणार नाही त्याला दुसऱ्या खात्यात पाठवावं लागेल.”

माझ्यासाठी दुसरं खातं म्हणजे कोणतं, ते मला विचारावं लागलं नाही.

घरी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी कीबोर्ड काढला. भाकरी तव्यावर टाकली की ती फुगेपर्यंत त्यावर बोटं चालवायची. नवरा म्हणायचा, “पेटी शिकायलीस का काय?” पण अक्षरं बोटांत बसली. इतकी बसली की साहेब एकदा मागं उभं राहून बघत होते आणि “ठीक” म्हणाले. तेवढं ‘ठीक’ मी चार दिवस पुरवून खाल्लं.

सकाळची पाळी क्लार्कची, दुपारची माझी. सकाळी मशीन गुण्यागोविंदानं चालायचं. दुपारी मी बसले की थोडा वेळ बरं जायचं, मग पडद्यावर एकदम कसलीतरी वेडीवाकडी अक्षरं सांडायची आणि सगळं थिजायचं. काही केलं तरी हलायचं नाही. पहिल्यांदा वाटलं, झालं असेल काहीतरी. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

“अहो बाई, काय चावता काय त्याला?” क्लार्क म्हणायचे. “सकाळी माझ्याकडे तर एकदम मख्खन चालतं.”

“मी काहीच नाही केलं हो.”

“तेच तर टेन्शन आहे ना. काही न करता एवढं, तर करून काय होईल!”

मग त्यांनीच काढलं, तुमच्या बांगड्यांनी करंट जात असेल. ते हसत होते. पण माझ्यासारख्या सातवीवालीला काय कळणार खरं किती आणि चेष्टा किती? मी बांगड्या काढून रुमालात बांधून बसायला लागले. हात साबणानं धुऊन बसले. बटणं हळू दाबली, जोरात दाबली. एक शास्त्रज्ञ बाई यादीसाठी समोर खुर्ची टाकून बसल्या होत्या, त्यांच्यादेखत पडदा थिजला. त्या घड्याळ बघून उठून गेल्या.

शेवटी साहेबांनी बोलावलं. वाईट माणूस नव्हता तो. टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले, “तुमची मेहनत मी बघतो आहे. पण सकाळी चालतं आणि तुमच्या हातात बंद पडतं, याला मी काय करू? सोमवारपासून तुम्हाला परत पॅकिंगला घ्यायला सांगतोय. राग मानू नका.”

मी “हो साहेब” म्हणाले. छातीचं सांगायला तोंडच उघडलं नाही.

कॅन्टीनमध्ये डबा उघडून नुसती बसले होते. ताई ताट घेऊन समोर आल्या. माझ्याकडं न बघताच सुरू झाल्या.

“तुमच्या लायब्ररीवाल्यांना येक सांगायचा हाय. रोज दुपारी मुंबई मांगतां नि फोन तसाच टाकून जातां कुठं गो?”

“कुठं जात नाही ताई. तिथंच बसलेली असते.”

“मंग बोलत का नाय? मी मधी येऊन इचारतय, बोलताय ना, बोलताय ना, कोन जबाब देत नाय. नुसती शिट्टी. मना वाटतं लाईन बिघडली. मी देतय कापून.”

माझ्या हातातली भाकरी हातातच राहिली.

बोर्डावरचा नियमच तसा होता. मुंबईला जायला लाईनी मोजक्या. कुणी बोलणं झाल्यावर रिसीव्हर नीट ठेवला नाही तर लाईन अडकून राहायची आणि दुसरे साहेब ओरडायचे. म्हणून मुंबईचा फोन लांबला की ऑपरेटरनं मध्ये शिरून बघायचं, कुणी बोलत नसेल तर कापायचा. सकाळी बोर्ड फोनांच्या दिव्यांनी एवढा पेटलेला असायचा की ताईंना तपासायला सवड नसायची. दुपारी जेवणानंतर बोर्ड शांत, ताई नेमानं तपासायच्या. त्या नुसत्या मध्ये शिरल्या तरी पडद्यावर ती अक्षरं सांडत होती, फोन कापला की पडदा थिजत होता; आणि रिसीव्हर वाट्यांत दाबलेला, म्हणून त्यांची हाक मला ऐकू येत नव्हती.

“ताई, ती शिट्टी म्हणजे मशीनच हो. मशीनच बोलतं फोनवर.”

“मशीन आलाय ता म्हायती हाय मना. पन ता फोनवर बोलतो, ह्या मना कोनी सांगला?”

खरंच, कुणीच सांगितलं नव्हतं. मुंबईचा मुलगा आम्हाला शिकवून गेला. जिच्या हातातून ती लाईन जायची तिला शिकवावं असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

मी सोमवारचं सांगितलं तशा ताई ताट तिथंच सोडून उठल्या. मी म्हणत होते, ताई थांबा, तुमच्यावर येईल. त्या पुढं, मी मागं. साहेबांच्या टेबलाशी उभ्या राहून म्हणाल्या, “साहेब, हिजा काय चुकला नाय. लाईन मी कापतय रोज. आज दुपारी मी हात मांडीवर ठेवून बसतय, तुमी बघा.”

त्या दुपारी साहेब माझ्या मागं उभे. क्लार्क बाजूला. मी बांगड्या काढायचं विसरले ते अर्ध्यात लक्षात आलं. पण ओळीमागून ओळ येत राहिली, पुस्तकांची नावं पडद्याच्या तळापर्यंत गेली आणि वर सरकायला लागली.

“आयला,” क्लार्क म्हणाले, “चाललं की!” आणि मग जरा ओशाळून, “बांगड्या घालून चाललं.”

मी राहिले. इथवरच सांगून थांबता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

साहेबांनी खरं काय घडलं ते वर लिहून कळवलं. थोड्याच दिवसांत ताईंच्या हातात मेमो पडला: कंपनीच्या कामाचे फोन परस्पर तोडले म्हणून. मी धीर करून साहेबांना विचारलं, “त्यांनी नियमानंच केलं होतं ना?” ते म्हणाले, “तसंच लिहिलंय मी. वरच्यांनी अर्धंच वाचलं.” मी म्हणाले, मी येऊन सांगते. ते म्हणाले, “तुमचं कोण ऐकणार, बाई?” हे त्यांनी टोचून म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं.

पुढं आपोआप फोन जोडणारा नवा बोर्ड आला. ताई धरून दोन ऑपरेटर होत्या, त्यातली एकच ठेवायची होती. मेमो ताईंच्या नावावर होता.

शेवटच्या दिवशी कंपनीच्या बसपाशी मी त्यांना गाठलं. “ताई, माझ्यामुळं झालं हे.”

“तुज्यामुलं कसा? मना नसता सांगायचा त गप बसली असती.” मग माझी खाली गेलेली मान बघून म्हणाल्या, “नाय सांगला असता, त तू तिथं खोकत बसली असतीस नि माज्या घशाखाली घास उतरला असता काय गो? चल, रडू नको, ड्रायव्हर बघतय.”

त्यांना पुन्हा नोकरी लागली नाही. काही दिवस सुकी मासळी घेऊन बाजारात बसल्या, नंतर लेकीकडं उलव्याला गेल्या. मी मात्र पगार घेत राहिले, पंख्याखाली बसून, छाती भरून श्वास घेत. प्रत्येक नव्या मशीनला घाबरले आणि प्रत्येक मशीन शिकले. काही द्यायला गेले की त्या हात मागं घेतात, साडीसुद्धा घेतली नाही.

पण ताई, हे ऋण फिटल्याशिवाय मी जगातून जायची नाही. तुमच्या घरातलं कुणी, लेक, नात, कुणीही, न केलेल्या चुकीसाठी एखाद्या टेबलासमोर खाली मान घालून उभं राहिलं, तर मला निरोप धाडा. मी येईन. माझं कुणी ऐको न ऐको, शेजारी उभी राहून मोठ्यानं सांगेन.