दुप्पट जाड, त्याच किमतीत

आमची सोसायटी पाडून नवी इमारत झाली, तेव्हा पार्किंग पहिल्या मजल्यावर गेलं आणि तिथे चढायला रॅम्प आला. रॅम्प उभा आहे. अध्यक्षांच्या मते तो नियमाप्रमाणे आहे. आमच्या मते बिल्डरने जिना बांधायला घेतला आणि पायऱ्या करायच्या राहून गेल्या.

बायकोकडे तिच्या वडिलांची जुनी फिकट निळी गाडी आहे. चार सिलिंडर, छोटं इंजिन. गाडी तीच चालवते, मला देत नाही. "तुम्ही गिअर टाकत नाही, शोधता," असं तिचं म्हणणं आहे. राहायला आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात या गाडीने रॅम्पच्या तोंडाशी पांढरा धूर सोडला आणि मागच्या सगळ्यांना अडकवून ठेवलं. कमिटीची बैठक झाली. गाडी दुरुस्त करावी, रविवारी चाचणी होईल. न थांबता, न ढकलता वर गेली तर जागा तुमची, नाहीतर दुसऱ्या कुणाची, असं ठरलं. बाहेर रस्त्यावर जागा नव्हती. म्हणजे गाडी विकायची. बायको बैठकीतून उठली आणि खाली जाऊन गाडीत बसली. तिच्या बाबतीत हे लक्षण गंभीर समजलं जातं.

दोष हेड पॅकिंगमध्ये निघाला. इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचं झाकण म्हणजे हेड आणि दोन्हींच्या मधला पातळ थर म्हणजे पॅकिंग. ते फाटल्याने इंजिन थंड ठेवणारं पाणी सिलिंडरमध्ये उतरत होतं, त्याचाच तो पांढरा धूर. येरवड्याच्या गॅरेजवाल्याने हेड काढून तपासलं. ते सपाट होतं. "नवीन पॅकिंग आणा," तो म्हणाला. आमच्याकडे सुटे भाग गिऱ्हाईक स्वतः आणतं. गॅरेजवाल्यावर विश्वास नसतो असं नाही. उगाच ठेवायचा कशाला, एवढंच.

हे काम बायकोच्या थोरल्या भावाने अंगावर घेतलं. ते खडकीला राहतात, निवृत्त आहेत आणि दोन्ही अर्थांनी वजनदार आहेत. आम्ही दोघंही त्यांना दादा म्हणतो. पॅकिंग घेऊन ते थेट गॅरेजवर आले.

"दुकानदार पातळ गळ्यात मारत होता. मी म्हटलं, जाड काढ. हे बघ, जवळजवळ दुप्पट जाड, त्याच किमतीत!"

"दादा, हे बसेल ना?" बायकोने विचारलं.

"भोकं मोजून आणलीत. कुकरची रिंग झिजली की वाफ जाते ना? मग? जाड म्हणजे भक्कम."

गॅरेजवाल्याने पॅकिंग उलटसुलट करून पाहिलं. "जाड आहे," तो म्हणाला.

"आहेच," दादा म्हणाले.

त्याने ते बसवलं.

रविवारी बायको स्टिअरिंगवर, शेजारी दादा, मागे मी असे तिघे निघालो. धूर नव्हता. रॅम्पवर गाडी अर्ध्यापर्यंत नीट गेली. मग इंजिनाचा आवाज खाली खाली येत गेला आणि माथा एका गाडीच्या अंतरावर असताना ते बंद पडलं. बायकोने हँडब्रेक ओढला.

वर उभे असलेले अध्यक्ष वाकून म्हणाले, "काही विसरलात का खाली?"

काय झालं ते बघायला दादा उतरले. बायकोने इंजिन पुन्हा सुरू केलं आणि गाडी सरळ वर गेली.

"थांबली," अध्यक्ष म्हणाले. "शिवाय वजन उतरवलं."

"दादा म्हणजे सामान नव्हे," बायको म्हणाली.

"पुढच्या रविवारी शेवटची संधी. आणि बसायचं याच तिघांनी."

गाडी दादांशिवाय चढते आणि दादांसकट चढत नाही, हे सिद्ध झालं होतं. दादा दुखावले. "म्हणजे दोष माझ्यात?"

"नाही रे," बायको विचार करत म्हणाली. "दिवाळीत तू एवढाच होतास. तेव्हा तुला घेऊन बोपदेव घाट चढलो की आपण. तू बदलला नाहीस. मग काय बदललं?"

गॅरेजवाल्याने एकेका सिलिंडरला गेज लावून दाब मोजला. चारही ठिकाणी कमी, आणि सारखाच कमी. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर एखाद्यात जास्त, एखाद्यात कमी दिसला असता, असं तो म्हणाला. बायकोने दादांकडे पाहिलं. दादांनी पिशवीतून जुनं, फाटकं पॅकिंग काढलं. ते काहीच टाकून देत नाहीत. जाडी मोजायचं व्हर्नियर लावल्यावर जुनं सव्वा मिलिमीटर भरलं. नव्याचं माप दादांनाच आठवलं: जवळजवळ दुप्पट.

पिस्टन वर जातो तेव्हा पेट्रोल-हवेचं मिश्रण छताशी दाबतो. हेड म्हणजे ते छत. पॅकिंग जाड झालं की छत वर उचललं जातं, खोली मोठी होते आणि मिश्रण कमी दाबलं जातं. दाब कमी म्हणजे जोर कमी. फ्लॅटचं छत बिल्डरने एवढं उंच केलं असतं तर आम्ही पेढे वाटले असते. इंजिनाला ते मानवत नाही.

"वाकलेलं हेड घासून सपाट करतात. घासून घासून ते खाली आलं असेल तर जाड पॅकिंग लावतात, ताई," गॅरेजवाला म्हणाला. "तुमचं कधी घासलेलंच नाही."

"मग बसवताना बोलला का नाहीत?"

"बोललो की. जाड आहे म्हटलं."

ते कौतुक समजलं गेलं होतं.

दादा जाऊन पातळ पॅकिंग घेऊन आले. दुकानदार काय म्हणाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या रविवारी दादा उपाशीपोटी आले. बायकोने त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवली. "खा. परीक्षा पॅकिंगची आहे, तुझी नाही." त्यांनी दोनदा घेतले. मग आम्ही तिघे त्याच जागांवर बसलो. अर्धा रॅम्प गेला. मागच्या वेळी थांबलो ती जागा आली. आवाज खाली आला नाही. दादांनी श्वास धरून ठेवला होता, त्याने वजन कमी होत असावं अशा समजुतीने. गाडी माथ्यावर पोचली, वळली आणि आमच्या जागेत उभी राहिली.

अध्यक्षांनी गाडीभोवती एक फेरी मारली. "चढली," ते म्हणाले. "तेल सांडू नका."

बायकोने इंजिन बंद केलं, पण लगेच उतरली नाही. दादा उतरले, डिकी उघडली आणि इंजिनातून काढलेलं जाड पॅकिंग पिशवीतून घेऊन नीट आडवं ठेवलं.

"ते कशाला?" तिने विचारलं.

"कधी हेड घासायला लागलं तर?" दादा म्हणाले. "भक्कम आहे."